फाट्यावरचं पाणी

इंगळे मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात ब्युरेटची तोटी होती. पाण्याचा जडपणा मोजत होतो. लाल झालेल्या पाण्यात थेंब थेंब औषध सोडत जायचं आणि ते निळं झालं की थांबायचं, एवढीच ती चाचणी. मोबाइलवर त्यांच्या भाच्याचं नाव दिसलं. तो दुपारी कधी फोन करत नाही, म्हणून काय झालं असेल ते मला कळलंच होतं. तरी मी फोन वाजू दिला. आणखी सात-आठ थेंब सोडले, पाणी निळं झालं, आकडा वहीत लिहिला आणि मग त्याला उंद्रीला, मॅडमच्या गावी, फोन लावला. "काका, आत्या गेली," तो म्हणाला, "सकाळी चहा घेतला अन् खुर्चीतच..." मी "निघतो" म्हणालो. एसटीत बसल्यावर लक्षात आलं की डोळ्यांत पाणी नाही, आणि तो आकडा मात्र डोक्यातून जात नाही. त्यांनीच तसं शिकवलं होतं. रंग कुणासाठी थांबत नाही, म्हणायच्या.

आता या गोष्टीला काही आठवडे झाले. पुरवणीसाठी त्यांच्यावर लिहा, असं एका जुन्या स्नेह्याने सुचवलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं. चांगलं चांगलं लिहून मोकळा झालो असतो, पण मग ते खोटं झालं असतं. खोट्या कागदाचं काय होतं ते मी एकदा पाहिलेलं आहे. म्हणून जे लिहायचं ते सगळं लिहितो.

मॅडम मूळच्या उंद्रीच्याच. शेतकऱ्याच्या घरची मुलगी, रसायनशास्त्र शिकली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त होईपर्यंत तालुक्याच्या एकाच लहानशा प्रयोगशाळेत राहिली. गावोगावच्या विहिरींचं, हातपंपांचं, बोअरचं पाणी तिथे तपासायला येतं. मी तिथे गावोगाव जाऊन नमुने आणणारा कंत्राटी माणूस म्हणून लागलो. पहिल्याच दिवशी एक म्हातारेबुवा आपल्या विहिरीचं पाणी दारूच्या बाटलीत घेऊन आले होते. मॅडमनी बाटली उजेडात धरली. "बाबा, ह्याच्यात पह्यले जे होतं त्याचाच रिपोर्ट येईन." म्हातारेबुवा म्हणाले, "धुतली नं बाई म्या, दोन डाव." "धुऊन पेले का पेऊन धुतली?" सगळी खोली हसली, म्हातारेबुवा सगळ्यांत जास्त. मग मॅडमनी त्यांना कोरा कॅन दिला आणि नमुना कसा घ्यायचा ते एखाद्या शाळकरी मुलाला सांगावं तसं सांगितलं. पंप आधी पाच मिनिटं हापसून आतलं साचलेलं पाणी काढून टाकायचं. त्याच पाण्याने कॅन तीनदा विसळायचा, काठोकाठ भरायचा, झाकण घट्ट लावायचं आणि लेबल तिथेच उभ्याने लिहायचं. पुढे मला त्या नेहमी बजावत, "गाडीत बसून लेबल लिहू नोको गजानन. गाडीत लिहिलेलं लेबल गाडीचं रायते, विहिरीचं नाई."

कधी कधी त्या माझ्यासोबत गावात यायच्या. विहिरीवरच्या बायांना त्यांचा पहिला प्रश्न असे, "डाळ शिजते काय वं ह्या पान्यात?" जड पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही हे प्रत्येक घराला ठाऊक असतं, आणि त्या उत्तरावरून मॅडम अर्धा रिपोर्ट जागेवरच सांगून टाकत. पण परतताना एकदा त्या म्हणाल्या होत्या की खरी भीती त्या पाण्याची नाही. खारट पाणी जीभ ओळखते, जड पाणी डाळ ओळखते. नायट्रेटला चव नाही, वास नाही, रंग नाही. उकिरड्यातून आणि युरिया टाकलेल्या वावरातून ते मुरत मुरत विहिरीत उतरतं, पाणी गोडच लागतं. "जे जिभेले समजत नाई," त्या म्हणाल्या, "त्याच्यासाठीच तं आपल्याले बसोलं इथं."

हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं म्हणून चूक झाली, असं म्हणायची सोय मला नाही.

साखरखेर्ड्याकडच्या रस्त्यावर एक फाटा आहे. तिथून आत तासभर चाललं की एक लहानसं गाव लागतं. गावाचं नाव लिहीत नाही. त्या दिवशी चार गावांचे नमुने आणायचे होते, तीन झाले होते, हे चौथं राहिलं होतं. दुपारचे तीन वाजले असतील. संध्याकाळी धाड गावाला माझ्या मित्राची वरात होती आणि तिकडे जाणारी जीप फाट्यावर उभी होती. माझ्या घरी कुणी आजारी नव्हतं, पाऊस नव्हता, पाय मोडला नव्हता. मला वरातीत नाचायचं होतं, एवढंच कारण. फाट्यावर एक चहाचं हॉटेल होतं, त्याच्या मागे बोअर होती. मी कॅन घेऊन मागे गेलो. आणि सांगताना आजही कानकोंडं व्हायला होतं, मी कॅन त्या बोअरच्या पाण्याने अगदी नियमाप्रमाणे तीनदा विसळला. काठोकाठ भरला. झाकण लावलं. मग जीपमध्ये बसून लेबल लिहिलं... गावाचं नाव, सार्वजनिक विहीर, तारीख, माझी सही.

फाट्यावरचं पाणी चांगलं निघालं. रिपोर्टवर शिक्का पडला, "पिण्यास योग्य". गावाला इतका आनंद झाला की सरपंचांनी पेंटर बोलावून विहिरीशेजारच्या भिंतीवर हिरव्या अक्षरांत लिहून घेतलं, "या विहिरीचे पाणी तपासलेले असून पिण्यास योग्य आहे." तसं लिहायला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना अभिमान वाटला होता.

सातेक महिन्यांनी चिखलीच्या एका बालरोगतज्ज्ञांनी आमच्याकडे पाण्याची बाटली पाठवली. सोबत चिठ्ठी होती, तिच्यावर त्याच गावाचं नाव. तीन महिन्यांची मुलगी, ओठ आणि नखं निळसर पडलेली, हृदयात दोष सापडत नाही, वरचं दूध पाजतात, पाणी कृपया तातडीने बघावे. मॅडमनी बाकीचं काम बाजूला सारून ती बाटली घेतली. नायट्रेट मर्यादेच्या दुपटीहून जास्त निघालं. त्यांनी डॉक्टरांना लगेच फोन केला. लहान बाळाच्या रक्ताला अशा पाण्यामुळे प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही. डॉक्टरांना जो संशय होता तो पक्का झाला, उपचार वेळेत मिळाले, मुलगी वाचली. हे आधीच सांगून टाकतो, कारण ते कळेपर्यंतचे दोन दिवस मी कसे काढले ते कुणाच्या वाट्याला येऊ नयेत.

फोन ठेवल्यावर मॅडमनी जुनी वही काढली. त्याच विहिरीचा माझा नमुना. दोन्ही ओळी शेजारी ठेवून त्यांनी मला हाक मारली.

"हे पानी तू आनलं होतं नं?"

"हो मॅडम. पावसानं नायट्रेट वाढलं असेल."

"नायट्रेट वाढीन. पन जडपना दुप्पट झाला. तो दगडातून येते." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सात महिन्यांत विहिरीचा दगड बदलला काय बे?"

मी म्हणालो, "काय माहीत मॅडम." त्यांनी वही मिटली. त्यांनी मला फक्त एकदाच विचारलं, आणि मी खोटं बोललो. पुढे इतकी वर्षं सोबत काम केलं, पण तो प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही.

सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर दोन कागद होते. एक माझ्या जुन्या नमुन्याचा रिपोर्ट, दुसरा नवा, त्यांच्या अक्षरातला. जडपणा, क्लोराइड, नायट्रेट, दोन्हीकडचे आकडे जवळपास तेच. नव्या कागदावर ठिकाणाच्या जागी लिहिलं होतं, "फाट्यावरचे हॉटेल, मागील बोअर." रविवारी त्या स्वतः एसटीने तिथे जाऊन आल्या होत्या. मी मान वर करायच्या आधीच त्या बेसिनपाशी काचेची भांडी धुवायला लागल्या होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "चहा घेतला म्या तिथं. लय गोड करते तो." मी तेव्हा बोलायला हवं होतं. ते बेसिन माझ्यापासून चार पावलांवर होतं... मी नाही बोललो. कंत्राट जाईल, गुन्हा दाखल होईल, आई-बाबांना कळेल, असं काय काय डोक्यात होतं. आणि खरं सांगायचं तर, त्या मला सांभाळून घेतील हेही मला आतून माहीत होतं. तीच सगळ्यांत वाईट गोष्ट.

त्यांनी वर कळवलं की आधीचा रिपोर्ट चुकीचा होता. खुलासा मागवला गेला. त्यांनी लिहिलं, नमुन्यात प्रयोगशाळेकडून चूक झाली, प्रमुख म्हणून जबाबदारी माझी. त्या वर्षी त्यांचं नाव जिल्ह्याच्या मोठ्या जागेसाठी होतं. ते मागे पडलं आणि पुन्हा पुढे आलं नाही. त्या कधी त्याबद्दल बोलल्या नाहीत, तोंड वाकडं केलं नाही, माझ्याशी वागणं बदललं नाही. रागावल्या असत्या तर मी कदाचित कबूल केलं असतं.

मग एके दिवशी म्हणाल्या, "चाल. चुना घे." फाट्यापासून ते तासाभराचं अंतर मी पहिल्यांदा त्या दिवशी चाललो, हातात चुन्याची बादली घेऊन. गावकऱ्यांसमोर मॅडम उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडले. "आमची चूक झाली. हे पानी लहान लेकराईले अन् पोटुशी बायाईले देऊ नका. उकळून बी देऊ नका, उकळलं तं अजून वाढते." गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "मंग भितीवर काऊन लिहिलं होतं?" मॅडम म्हणाल्या, "आमच्या कागदावर इश्वास ठेवला म्हनून लिहिलं तुम्ही. तुमची चूक नाई." मी त्या हिरव्या अक्षरांवर चुना फिरवत होतो. ऑइल पेंट होता. एका हातात जात नव्हता, चुन्याखालून "योग्य" दिसतच राहत होतं. तीन हात द्यावे लागले.

त्या मुलीची आई, मंदाबाई, आम्हाला चहाला घेऊन गेली. तेव्हा ती बावीस-तेवीस वर्षांची असेल. अंगावरचं दूध पुरत नव्हतं म्हणून पावडरचं पाजायची. "मी तं उकळून, गाळून देत होती हो," ती मॅडमला पुन्हा पुन्हा सांगत होती, "भितीवर लिहिलेलं होतं, तरी उकळून देत होती." चहाचा कप माझ्यापुढे ठेवताना हसली आणि म्हणाली, "भेऊ नका साहेब, त्या विहिरीचं नाई हे. वावरातून आनलं." मग झोळीतली पोर माझ्या मांडीवर ठेवली. "पाया पडते म्हना साहेबाच्या. तुमी पानी तपासलं म्हनून वाचलं माहं लेकरू." मी त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. काय बोललो आठवत नाही. बहुधा "सुखी राहा" असंच काहीतरी. मॅडम चहा पीत जमिनीकडे बघत होत्या.

परतीच्या एसटीत त्यांनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाल्या, "लेकरू देल्लं तिनं तुह्या मांडीवर." एवढंच. पुढचं वाक्य मी अजून शोधतो आहे.

पुढे गावाला दुसऱ्या बाजूला, उकिरड्यांपासून दूर, हातपंपाची नवी बोअर मिळाली. त्यासाठी मॅडमनी किती ठिकाणी कागद फिरवले ते मला माहीत आहे. दर वर्षी त्या पाण्याचा नमुना घ्यायला त्या स्वतः जात, निवृत्तीनंतरही जात. मंदाबाईकडे जेवत, मुलीला, वैष्णवीला, वह्या-पुस्तकं नेत. मी कायम झालो, तपासणीला बसू लागलो. त्यांना जाणं जमेनासं झाल्यावरही त्या गावाला मी दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचो.

शेवटची भेट उंद्रीला झाली, त्यांच्या भावाच्या घरी. पायांना सूज होती, बोलताना दम लागत होता, पण थट्टेची सवय गेली नव्हती. मी तब्येत विचारली तर म्हणाल्या, "नमुना जुना झाला आता. रिपोर्टाचा काई उपयोग नाई." मग वैष्णवी यंदा बारावीला आहे, तिला फार्मसी करायचं आहे, असं कौतुकाने सांगत होत्या. मधेच थांबल्या. "तू गेलता काय तिकडे?"

"नाही मॅडम."

"हं." खिडकीबाहेर पाहिलं. "मंदा चांगली बाई आहे. खाऊन टाकनार नाई तुले."

मी म्हणालो, "जाईन मॅडम, दिवाळीनंतर जाईन." त्यांनी मान हलवली आणि भावजयीला हाक मारून मला पेरू द्यायला सांगितलं. दिवाळी अजून यायची आहे. त्या थांबल्या नाहीत.

तेरवीला मंदाबाई आली होती, सोबत वैष्णवी. मंडपात बायांमध्ये बसून ती मॅडमच्या आठवणी सांगत होती. "माहं घर कधी सोडलं नाई बाईनं. एक डाव त्याईच्या हातून चूक झाली पान्याच्या रिपोर्टात, तं जिंदगीभर मनाले लावून घेतली." शेजारच्या एका म्हाताऱ्या नातेवाइकाने मान डोलावली. "मानूस चांगलं होतं, पन चुकलं एक डाव बिचारं." फोटोला हार घातलेला होता. त्या फोटोसमोर लोक मॅडमना माफ करत होते, माझ्या चुकीबद्दल... मी उठलो. पंगत वाढायची घाई चालली होती, जागा चुकीची होती, वेळ चुकीची होती. पण माझी योग्य वेळ कधी येते ते मला एव्हाना कळलेलं होतं.

"मंदाताई," मी म्हणालो, "ती चूक मॅडमची नव्हती. तो नमुना मी आणला होता. मी तुमच्या गावात आलोच नव्हतो. फाट्यावरच्या हॉटेलाच्या बोअरचं पाणी भरलं आणि तुमच्या विहिरीचं नाव लिहिलं. मॅडमना माहीत होतं. त्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही."

 मंदाबाई माझ्याकडे पाहत राहिली. तिने विचारलं, "काऊन?"

"धाडला वरात होती. उशीर होत होता."

"कोनाची वरात?"

"मित्राची."

ती अजून पाहत होती. "नाचले?"

"हो," मी म्हणालो.

तिने पदर सावरला, उठली. ताटं मांडली जात होती, तिकडे तिने पाहिलंही नाही. "चाल वं वैष्णवी," ती म्हणाली, "बस जाईन." वैष्णवीने मात्र जाताना मागे वळून पाहिलं. त्या पाहण्यात राग होता की नुसतं पाहणं होतं, मला सांगता येत नाही. निळे पडलेले तिचे ओठ मी कधी पाहिले नव्हते. त्या वेळी तेच दिसत होते.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात लेखी दिलं. इतक्या वर्षांनंतर त्याचं काय करायचं ते ठरवणाऱ्यांचं अजून ठरलेलं नाही. ठरेल ते मला मान्य आहे. मॅडमच्या खुलाशाला माझा कागद जोडून ठेवा, एवढं मी मागितलं आहे.

आणि मागच्या आठवड्यात त्या गावचा वार्षिक नमुना घ्यायला मी गेलो. फाट्यावर उतरून चालत गेलो. बोअरवर पोचलो तर मंदाबाई हंडा घेऊन उभी. कुणीतरी तिला रस्त्यात मला पाहिल्याचं सांगितलं असणार. मी नमस्कार केला, तिने केला नाही. हंडा खाली ठेवला, हात कमरेवर ठेवले. "भरा. माह्यासमोर भरा."

मी हापसायला लागलो. जरा वेळाने कॅन पुढे केला तर म्हणाली, "पाच मिनिटं नाई झाले अजून. बाई पाच मिनिटं हापसत होत्या." मी पुन्हा हापसलो. कॅन विसळला, एकदा, दोनदा. ती मोजत होती. तिसऱ्यांदा विसळून भरला, झाकण लावलं आणि लेबल काढलं.

इथे एक सांगायला हवं. आमच्या छापील वहीत गाव, स्रोत, तारीख एवढेच रकाने असतात. त्या प्रकरणानंतर मॅडमनी पट्टी घेऊन लाल शाईने शेवटी एक रकाना स्वतः आखला होता, "हे पाणी पिणारी व्यक्ती". कुठल्या नियमात तो बसत नाही. नमुना घेणाऱ्याने तिथल्या एका तरी माणसाला नाव विचारायचं आणि ते लेबलवर लिहून आणायचं. नवी वही आली की त्या आधी तो रकाना आखत, मग पहिली नोंद करत. त्या निवृत्त झाल्यावर ते काम माझ्याकडे आलं. मी आखत होतो, पण त्या रकान्यासाठी या गावातल्या कुणाचं नाव स्वतः कधी विचारून आणलं नव्हतं.

"नाव तुमचं लिहू?" मी विचारलं.

"माहं काऊन? मी तं रोजच पेते." तिने हंड्यावरची लोटी उचलली, एका हाताने हापसत भरली आणि माझ्यापुढे धरली. "प्या. अन् तुमचं लिहा."

मी प्यालो. पाणी गार होतं, किंचित जड. लोटी परत देताना आमची बोटं लागली नाहीत. तिने हंडा भरला, डोक्यावर घेतला आणि गेली. मी तिथेच उभ्याने लेबल लिहिलं.

परवा तो नमुना तपासला. मॅडमच्या खुर्चीमागच्या फळीवर वही असते, ती काढली, नोंद केली. शेवटच्या रकान्यात, लाल रेघेच्या आत, माझं नाव आहे. नायट्रेट मर्यादेत आहे. मी दोनदा बघितलं.